गाळी म्हणजे वारा

जयाबाईंना मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगतो. सहा वर्षं एका खोलीत काम केलं, पण त्यांना मुलं किती हेसुद्धा मला नक्की माहीत नाही. विचारायला जीभ रेटली नाही. त्यांनी सूड कसा घेतला ते मात्र मी पाहिलं, आणि त्यात एक शब्द माझा होता.

सीमाभागात, टिळकवाडीतल्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत शिपाई होतो. १९७९ साली तिथं परदेशातून लेप दिलेल्या काचेच्या प्लेटा आल्या. तिकडच्या मोठ्या यंत्रातून जड अणुकेंद्रकं वेगानं त्यांच्यावर सोडलेली. लेपातल्या केंद्रकांवर ती आपटली की बारीक कण उधळायचे आणि प्रत्येकाची काळी रेघ लेपात उमटायची. सूक्ष्मदर्शकाखाली अशा टकरी शोधायच्या आणि रेघांचे कोन वहीत लिहायचे, या कामावर जयाबाईंना नेमलं. निपाणीच्या, मॅट्रिक झालेल्या. लहानपणी आईबरोबर वखारीत तंबाखू पाखडलेल्या.

वर्षभरात त्यांनी चारशे टकरी मोजल्या. काहींत कण चहूबाजूंना सारखे उडालेले, काहींत एकाच अंगाला जास्त. केंद्रकं नेमकी समोरासमोर न आदळता जरा बाजूनं आदळली की असं होत असावं, असा त्यांचा अंदाज. अशा एकशे अठरा टकरींपुढं त्यांनी लिहिलं, ‘गाळी’. हा वखारीतला शब्द. कानडीत गाळी म्हणजे वारा. निपाणीत पाखडताना मराठी बायकाही “गाळी बघ गं” असंच म्हणायच्या, कारण भुकटी वाऱ्याच्याच अंगाला उडायची.

आमचे सर लांबून आलेले, कानडी न येणारे. त्यांना नावाची फार हौस होती, म्हणून त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांनी वाचलं, या टकरी गाळायच्या. गाळल्या. उरलेल्या अर्थातच गोल निघाल्या. कण सगळीकडे सारखेच उडतात, एका बाजूला वाहत नाहीत, असा निबंध त्यांनी पाठवला आणि तो छापूनही आला.

जयाबाईंना हे कळलं तेव्हा चहाची वेळ होती. सगळा विभाग बसलेला.

“सर, गाळी म्हंजे वारा. त्या टकरी गाळायच्या नव्हत्या, त्याच बघायच्या होत्या.”

सर हसले. “बंद काचेत वारा कुठून आला? आणि चारशेच्या चारशे एकावर एक ठेवल्या तरी कण चारी बाजूंना सारखेच येतात. मोजून पाहा.”

“गल्लीतल्या समद्या घरांची दारं एकदम मोजली तरी चारी बाजूंना निघतील. म्हणून एका घराला चारी बाजूंनी दार असतंय व्हय?”

कुणीतरी फिसकन हसलं. सरांचा चेहरा बदलला. “वखारीतली अक्कल वखारीत ठेवायची,” ते म्हणाले, आणि तिथंच एकशे अठरा नोंदींपुढं ‘प्लेट खराब’ असं जयाबाईंच्याच हातून लिहून घेतलं. लाल शाई मी आणून दिली. मला सगळं कळत होतं.

लिहून झाल्यावर जयाबाईंनी वही पुढं केली. “तुमच्या हुकमावरनं लिवलंय. तेवढी सही करा, सर.” सरांनी चिडून सही ठोकली.

त्या दिवसापासून वही कुलपात आणि किल्ली जयाबाईंच्या कमरेला. सरांना त्या इतक्या गोड आवाजात “व्हय सर” म्हणायच्या की मला भीती वाटायची. एकदा धीर करून म्हणालो, “सोडून द्या आता.”

“तुमच्या आईच्या अक्कलंवर कोण असं बोललं असतं, तर तुम्ही सोडलं असतं व्हय, अण्णा?”

१९८४ साली परदेशातून बातमी आली. तसल्याच टकरींत कण एका बाजूला वाहताना सापडले होते. सरांनी लगेच लिहायला घेतलं, की हे आपल्याला आधीच दिसलं होतं. त्यांना वरची जागा मिळायची होती, म्हणून बाहेरून एक वयस्कर प्राध्यापक काम तपासायला आले. सरांनी वही मागितली. जयाबाईंनी ती थेट पाहुण्यांच्या हातात दिली.

“हे गाळी काय आहे?” पाहुण्यांनी विचारलं.

“गाळून वेगळ्या ठेवलेल्या,” सर म्हणाले. “पुढच्या अभ्यासासाठी. मीच सांगितलं होतं.”

“ह्या अण्णांना इचारा की,” जयाबाई म्हणाल्या. “ते कुणाच्याच बाजूचं न्हाईत.”

ते मला लागलं. हातात चहाचा ट्रे होता.

“वारा,” मी म्हणालो.

पाहुण्यांनी लाल ओळींवरून बोट फिरवत खालची सही वाचली. “मग प्लेटा खराब कुणी ठरवल्या?”

“सरांनीच,” जयाबाई म्हणाल्या. “वारा वखारीत असतोय, काचंत नसतोय, असं त्यांचं म्हणणं हुतं.” आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्या सरांकडे बघून हसल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सरांना ती जागा मिळाली नाही. जयाबाईंचं नावही कुठं छापून आलं नाही. प्लेटा कपाटात गेल्या आणि मार्चअखेर जयाबाईंचं काम संपलं. शेवटच्या दिवशी त्यांनी सूक्ष्मदर्शक पुसून ठेवला, पिशवी उचलली.

“गाडी कितीची?” मी विचारलं.

“साडेपाचची. खिडकी लावून घ्या, अण्णा. भिंगावर धूळ बसंल.”

“लावतो,” मी म्हणालो.