हिरवी शिवराई

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. मद्रासजवळच्या आवडी गावातल्या आमच्या क्वार्टरमध्ये चार बायका एका नळाशी उभ्या राहिल्या की ते आपोआप जमतात, आणि नळाला पाणी नसलं तर जास्तच जमतात. माझ्याकडचे निम्मे तर एका नाण्याचेच आहेत. मी चौथी शिकलेली बाई, मला नटवून सांगता येत नाही. झालं तसं सांगते.

आमच्यात देव पाळीने असतात. दोघे भाऊ. एक वर्ष देव कराडकडे गावाला थोरल्या जाऊबाईंकडे, एक वर्ष आमच्याकडे. नवरात्राला द्यायचे, नवरात्राला घ्यायचे. ह्यांना कारखान्यात क्वार्टर मिळेपर्यंत आमच्याकडे देव ठेवायलाच जागा नव्हती, म्हणून ही माझी पहिलीच पाळी. देवांत एक शिवराई आहे, म्हणजे महाराजांच्या वेळचा तांब्याचा पैसा. सासऱ्यांच्या आजोबांपासून पूजेत. ताई, म्हणजे जाऊबाई, ती माझ्या हातावर ठेवताना दहा माणसांत म्हणाल्या, "सुमन, लखलखीत देतेय. जशी देते तशी परत आण. तुमच्या मद्रासला काय टिकतं आणि काय नाही, आपल्याला काय ठाऊक."

मी तेव्हा काही बोलले नाही. मी बोलले नाही याचं ह्यांना अजून आश्चर्य वाटतं.

दहा महिन्यांनी एका सकाळी देव पुसताना बघते, तर शिवराई काळपट आणि तिच्यावर हिरवी पूड. बोटाने पुसली, गेली. चार दिवसांनी परत आली. नवरात्राला दोन महिने होते.

* * *

पहिल्यांदा दाखवली रुक्माक्काला. रुक्माक्का शेजारच्या ब्लॉकमधली, तंजावरची मराठी. तिचं मराठी आमच्या पणजीच्याही आधीचं आणि चाल सगळी तमिळची. भांडताना कळत नाही, पण जीव लावते.

ती म्हणाली, "येवढंच की? पुळी लाव, दोन घासे मार, संपलं." पुळी म्हणजे चिंच. "माझ्या आजीचा दिवा अहे, दीडशे वर्षांचा. दर शुक्रवारी पुळीनं घासते. ये, बघ."

गेले. दिवा खरंच सोन्यासारखा. मागच्या पत्र्यावर लक्ष्मी बसलेली, पण तिला नाक नाही, डोळे नाहीत, हात कुठे संपतो आणि कमळ कुठे सुरू होतं ते कळत नाही.

मी म्हटलं, "अक्का, ही लक्ष्मीच ना?"

रुक्माक्का जवळ जाऊन बघायला लागली. मग म्हणाली, "आजीच्या वेळेस लक्ष्मी होती."

चिंच रद्द.

* * *

आमचे हे मशीन शॉपला. ह्यांचं म्हणणं, "कशाला डोकं पिकवतेस? उद्या नेतो, बफिंगच्या चाकावर धरतो, दोन मिनिटांत आरसा." ह्यांनी एकदा माझा पितळेचा हळदीकुंकवाचा करंडा असाच नेला होता. परत आणला तेव्हा झाकण आत पडत होतं. तरी मी हो म्हटलं, कारण ताईंचं "लखलखीत" माझ्या कानात वाजत होतं.

डिफेन्सचा कारखाना. गेटवर झडती. गार्डने डबी उघडली. "हे काय?"

"देव आहे," हे म्हणाले.

गार्डने टोपी काढली, डबीला हात जोडले, डोळे मिटून नमस्कार केला. मग टोपी घातली आणि म्हणाला, "पण कॉपर आहे. आत जाऊ दे. बाहेर काढायला गेट पास लागेल, साहेबाची सही, स्टोअरचा शिक्का."

ह्यांनी विचारलं, "देवाला गेट पास?"

"देवाला नाही सार. कॉपरला."

हे डबी घेऊन गेटवरूनच परत, अर्ध्या तासात घरी. हाफ डे कापला गेला तो वेगळाच.

* * *

मग आली केतकी. पुण्याची पोरगी, कॉम्प्युटरच्या कंपनीत, आमच्या गेटबाहेर खोली घेऊन राहायची आणि दर रविवारी भाकरी खायला आमच्याकडे यायची. तिने शिवराई बघितली आणि माझ्या हातातलं लिंबू काढून घेतलं.

"काकू, जुनं नाणं घासायचं नसतं. तो वरचा ब्राऊन थर असतो ना, त्याला पॅटिना म्हणतात. तोच नाण्याला सांभाळतो."

मी म्हटलं, "मळाला इंग्रजी नाव दिलं की तो मळ राहत नाही का?"

"तो मळ नाहीच. तुम्ही घासलात की वरचं तांबं जातं, अक्षरं जातात. दरवेळी थोडी थोडी."

मला रुक्माक्काची बिननाकाची लक्ष्मी आठवली. लिंबू परत मागितलं नाही.

पुढच्या रविवारी ती ऑफिसातून छापलेले कागद घेऊन आली. म्हणाली, तपकिरी राहू द्यायचं, पण ही हिरवी पूड म्हणजे रोग आहे. मिठाचा रोग. मीठ आत शिरतं आणि तांबं आतून खात जातं. "काकू, याला मीठ कुठून लागलं? अभिषेकाला पाणी कुठलं घेता?"

"चांगलं घेते," मी म्हटलं.

"चांगलं म्हणजे?"

मी तिला ताटात अजून एक भाकरी वाढली. तिने खाल्ली. मग परत विचारलं, "चांगलं म्हणजे कुठलं?"

आता खरं सांगते. त्या वर्षी चेन्नईत पाण्याची बोंब होती. गोड पाणी लॉरीने, म्हणजे टँकरने, यायचं, दोन दिवसांआड, आणि एका घागरीसाठी मी बायकांच्या झिंज्या धरायच्या बाकी ठेवल्या होत्या. बोअरचं पाणी खारं, तोंडात धरवत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. गोड पाणी प्यायला आणि डाळ शिजवायला. देवाला बोअरचं. देव काही बोलत नव्हता, म्हणून मी दहा महिने रोज त्याच्या अंगावर खारं पाणी ओतलं.

केतकी हसली नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

म्हटलं, "हे ताईंना कळलं तर मला गावात तोंड दाखवायला जागा नाही. देवाला खारं पाणी घालणारी सून म्हणून माझ्या तेराव्यालाही सांगतील."

"नाही कळणार," केतकी म्हणाली. "बरं करू आपण."

* * *

कागदात लिहिलं होतं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, रोज पाणी बदला. हे पाणी गाडीच्या बॅटरीत घालतात, पेट्रोल बंकवर, म्हणजे आपल्याकडच्या पंपावर, मिळतं. मी दोन कॅन घेऊन आले. वाटेत लॉरीच्या रांगेतल्या बायकांनी बघितलं. त्यातली एक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "शिंदेबाईनं गोड पाण्याची नवी जागा काढली बघा." दुसऱ्या दिवशी बंकवर सहा बायका घागरी घेऊन उभ्या.

देव्हाऱ्यात शिवराईच्या जागी सुपारी मांडली. शिवराई काचेच्या वाडग्यात पाण्यात, ओट्यावर. रुक्माक्का रोज संध्याकाळी यायची, वाडग्यात डोकावायची आणि विचारायची, "पेशंट कसा अहे?"

चौथ्या दिवशी हे शिफ्टवरून आले. उन्हातून आलेले, घसा सुकलेला. ओट्यावर वाडगं दिसलं, स्वच्छ पाणी, त्यात देव. ह्यांना वाटलं तीर्थ. उचललं आणि प्यायले. तळाशी शिवराई तेवढी राहिली.

मी आतून बघतेय. "अहो, ते बॅटरीचं पाणी आहे."

ह्यांनी वाडगं खाली ठेवलं. तोंड वाकडं करून म्हणाले, "तरीच चव नाही."

रात्रभर पोटावर हात ठेवून पडले होते. सकाळी केतकीने फोनवर विचारलं, पाण्याचा रंग हिरवट झाला होता का, कारण तसा झाला तर मीठ निघतंय असं समजायचं. मी म्हटलं, "काकांना विचार, आता त्यांनाच माहीत."

* * *

एक महिना पाणी बदललं. हिरवं कमी कमी होत गेलं. मग केतकी भिंग घेऊन आली आणि मी बांबूची काडी चाकूने टोकदार केली. सुई नाही, ब्रश नाही, काडीच. कागदात तसंच होतं. खळग्यांत कुंकू, तूप, घासायची पूड असं काय काय वर्षानुवर्षं घट्ट बसलेलं. ते ओलं करून टोकाने उकरायचं, कापसाने टिपायचं, घासायचं नाही. तीळ निवडायला बरे, इतकं बारीक काम.

तिसऱ्या दुपारी एक काना दिसला. त्याच्याशेजारी आणखी काही. केतकी भिंगातून बघून म्हणाली, "काकू, काहीतरी डिझाईन आहे."

ही इंजिनिअर, पण शाळा इंग्रजी. मी भिंग ओढून घेतलं.

"डिझाईन कसलं, राजा आहे. हे बघ, रा. हा ज, त्याला काना. वर श्री."

पुढची ओळ निघायला अजून दोन दिवस लागले. अर्धी झिजलेली, पण शि होती आणि व होता. आमच्या घरात चार पिढ्या त्या पैशाची पूजा झाली आणि त्यावर काही लिहिलंय हे कुणाला माहीत नव्हतं. हे शिफ्टवरून आले, भिंगातून बघितलं आणि बूट न काढता तिथेच खाली बसले.

रुक्माक्का म्हणाली, "आमच्या तंजावरच्या राजाच्या थोरल्या भावाचं नाणं अहे वो हे." खरं होतं ते. पण असं काय सांगितलं तिने, जसं काही महाराज कालच जेवायला येऊन गेले.

नाणं नीट वाळवलं, आठ दिवस डबीत ठेवून रोज बघितलं. हिरवं परत आलं नाही. तपकिरी रंग आम्ही तसाच ठेवला. लखलखीत नव्हती, पण बरी झाली होती. आता ताईंनी काही म्हटलं तरी मी उत्तर पाठ करून ठेवलं होतं. बोअरचा भाग वगळून.

* * *

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गावी पोचलो. सगळे ओसरीवर. मी डबी उघडून ताईंच्या हातावर शिवराई ठेवली.

"काळी झाली की गं," ताई म्हणाल्या.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी ती उजेडात धरली. तिरकी केली. परत सरळ केली. "सुमन, हे काय आहे? अक्षरं?"

मी एकेक अक्षर बोटाने दाखवलं. श्री. राजा. शिव. ताई चष्मा आणायला आत पळाल्या. मग शेजारणींना बोलावलं, थोरल्या भावजींना झोपेतून उठवलं. प्रत्येकाच्या हातात दिली आणि प्रत्येकाला सांगितलं, "आमच्या सुमनने काढली अक्षरं. चौथी शिकलेली आहे, पण बघा." शेवटी पदराने डोळे पुसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पहिल्यांदा.

मग म्हणाल्या, "एवढी महाराजांची अक्षरं, अशी काळी काय ठेवायची? लांबून दिसली पाहिजेत." आणि शिवराई घेऊन मोरीकडे गेल्या. मोरीत लिंबू चिरून ठेवलेलं, वाटीत रांगोळी.

"ताई, नको," मी म्हटलं.

"का गं? का नको?"

सगळे माझ्याकडे बघत होते. का नको ते सांगायचं तर पहिल्यापासून, बोअरच्या पाण्यासकट सांगायला लागलं असतं.

"काही नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात ह्यांच्या मोबाईलवर केतकीचा फोन आला. अंगणात जाऊन घेतला.

"काकू, पोचलात का? काय म्हणाल्या जाऊबाई?"

"खूश झाल्या. डोळे भरून आले त्यांचे."

"मी सांगितलं होतं ना. काकू, मागे घासल्यासारखा कसला आवाज येतोय?"

"खोबरं किसतायत," मी म्हटलं.