लेकीच्या घरचं पाणी

कौशल्याबाई लेकीकडे निघाल्या की त्यांच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या असायच्या. झिंगाबाई टाकळीत त्यांच्या आणि माझ्या घरांमध्ये एकच कुंपणाची भिंत, त्यामुळे सगळी तयारी मला दिसायची. फडक्यात ज्वारीच्या भाकरी, डबीत ठेचा आणि आपल्याच नळाचं पाणी. मौद्याची बस पकडून त्या रितिकाकडे जायच्या, दिवसभर नातीला खेळवायच्या आणि आपलंच खाऊन-पिऊन संध्याकाळी परतायच्या. कधी जावयाने फारच आग्रह केला तर अर्धा कप चहा घ्यायच्या आणि निघताना बशीखाली दहाची नोट सरकवायच्या.

त्यांच्याकडे रीतच तशी होती. लेकीला मुलगा होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. रितिकाला अदिती झाली. त्या बाळंतपणात रितिका मरता मरता वाचली आणि पुन्हा मूल नको, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे ते दार कौशल्याबाईंना कायमचं बंद झालं.

एकदा मी चिडून विचारलं, "अहो, तुमचीच मुलगी ना ती?"

"माही कुठची, बाई? दान करून देल्ली. देल्लेल्या घरचं वापस खाऊ काय?" मग म्हणाल्या, "माह्या मायनं बी माह्या घरचं पाणी नाही पेलं. हर्षित झाला तवा पयल्यांदा जेवली. रडत रडत जेवली बिचारी."

त्यांचे यजमान नत्थूजी खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. दोन मुलांत रितिका हुशार. पण इंजिनिअरिंगला पाठवलं ते हर्षितला. पैसा एकापुरताच होता. म्हातारपणी ज्याच्या घरी पाणी प्यायचं त्याच्यावरच तो घालायचा, हे त्यांना इतकं उघड वाटत होतं की त्यावर घरात साधं बोलणंही झालं नाही. रितिका बी. कॉम. झाली, मौद्यात एका पतसंस्थेत लागली. हर्षित हैदराबादला गेला आणि तिकडचाच झाला.

नत्थूजी गेले. तेराव्यानंतर हर्षित माझ्यादेखत आईला म्हणाला, "आई, आमच्याकडे जागा नाही गं. हे घर भाड्याने देतो, तू ताईकडे राहा नं. आजकाल कोण मानते हे सगळं?"

"तू नको मानू, बाबू," कौशल्याबाई म्हणाल्या. "पण तुह्या भरवशावरच त मी तिले देऊन टाकली."

हर्षित मोबाईलमध्ये पाहत राहिला.

त्या मौद्याला गेल्या. रितिकाने त्यांना पुढची हवेशीर खोली दिली. त्यांनी कोपऱ्यात शेगडी मांडली, पेन्शनीतून आपले तांदूळ, आपली डाळ आणली. पाण्याची एक कॅन रोज बाहेरून मागवली. जावई सौरव भला माणूस. तो थट्टा करायचा, "आई, नळाचं पाणी नगरपंचायतीचं आहे जी. माह्या बापाचं नाही!" त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. नळाला मात्र हात लावायच्या नाहीत.

मे महिन्यात लग्नसराई आली आणि कॅनवाला यायचा बंद झाला. सगळ्या कॅन मंगल कार्यालयांत जात होत्या. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रितिका कामावर, सौरव कामावर, अदिती चुलतबहिणींकडे सुटीला गेलेली. स्वयंपाकघरात माठ भरलेला होता. संध्याकाळी रितिका आली तेव्हा त्या माठापासून हाताच्या अंतरावर जमिनीवर पडलेल्या होत्या.

मी इस्पितळात पोचले तेव्हा त्या शुद्धीवर होत्या. रितिकाने पेला ओठांना लावला. त्यांनी ओठ मिटून घेतले.

"आई, घे वं. घोटभर."

मान दुसरीकडे वळवली. थोड्या वेळाने नर्स आली, तिने तोच पेला हातात घेतला आणि कौशल्याबाई घटाघटा प्यायल्या. रितिका भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मूत्रपिंडं निकामी झाली होती. दोन दिवसांत त्या गेल्या. हर्षित विमानाने आला. त्याने आईच्या तोंडात पाणी घातलं, तुळशीपत्र ठेवलं, आणि ते बरोबर होतं, सगळ्यांच्या दृष्टीने. रितिका बायकांच्या मागे उभी होती. त्या दिवशीच्या डायरीत मी सवयीप्रमाणे तापमान लिहिलं आहे आणि खाली फक्त कौशल्याबाईंचं नाव. पुढे काय लिहावं ते अजून कळलेलं नाही.

मला वाटलं होतं, निदान ही रीत त्यांच्याबरोबर जळाली.

दिवाळीनंतर रितिका अदितीला घेऊन माझ्याकडे आली. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले. ओटीवर टेकतानाच माझ्या लक्षात आलं.

"अगं, डॉक्टरांनी नको म्हटलं होतं ना?"

"हो."

"सौरव काय म्हणतो?"

"तो नाहीच म्हणून राहिला होता, काकू. पाया पडला माह्या. मीच ऐकलं नाही."

"आईसाठी करते आहेस का हे? ती तर गेली."

"आईसाठी कशाले?" ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मलाच काही कळत नव्हतं. "अदिती उद्या आपल्या घरी जाईन. मी म्हातारपणी कोणाच्या घरचं पाणी पिऊ?"

"अदितीच्या!"

ती हसली. अगदी तिच्या आईसारखं, तोंडाला ओढणी लावून. "तुम्ही कॉन्व्हेंटात शिकलेल्या, काकू. तुमचं बरं आहे."

"आणि पुन्हा मुलगीच झाली तर?"

बोलता बोलता तिला धाप लागली होती. अदिती न सांगता आत गेली आणि माझ्या स्वयंपाकघरातून पेला भरून घेऊन आली, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून. रितिकाने लेकीच्या हातून पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

अजून ते तिला चालत होतं.