दोन शाळांचा अर्धा मास्तर

रहिमतपूरच्या स्टेशनात मी गाडीत चढलो की गार्ड लगेच हिरवा बावटा दाखवायचा. डबा एका अंगाला कलला म्हणजे सगळे उतारू आले, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. लोक म्हणतात, मी थापा मारतो. मारतो. पण आता सांगतोय ती हकिगत अक्षरन् अक्षर खरी आहे, आणि नेमकी हीच कुणाला पटत नाही.

स्टेशनापासून दोन कोसांवर आमचं गाव. गावात दोन शाळा आणि दोन्हींच्या मध्ये एक दगडमातीची भिंत. भिंतीच्या एका बाजूला लोकल बोर्डाची मराठी शाळा. तिला सात यत्ता, मोठं पटांगण, उन्हाळ्यातही न आटणारी विहीर. शिकवायचं साधन म्हणाल तर फक्त छडी. दुसऱ्या बाजूला गावकऱ्यांनी वर्गणी काढून सुरू केलेली खासगी इंग्रजी शाळा. तिच्याकडे काचेचं कपाट होतं आणि त्या कपाटात लोहचुंबक, थर्मामीटर आणि पृथ्वीचा गोल. पण पोरांना कवायतीला जागा नाही, प्यायला पाणी नाही. एकीकडे पृथ्वी होती, दुसरीकडे जमीन.

म्हणून पंचांनी दोन्ही मुख्याध्यापकांना चावडीत बसवून करार केला. इंग्रजी शाळेनं दर शुक्रवारी गोल आणि बाकीचं सामान बोर्डाच्या शाळेला द्यायचं. बोर्डाच्या शाळेनं पटांगण, पाणी आणि अर्धा मास्तर द्यायचा. तो अर्धा मास्तर म्हणजे मी. सकाळी बोर्डाकडे अंकगणित, दुपारी इंग्रजी शाळेत कवायत. कुठला अर्धा कुणाचा, एवढं लिहायचं तेवढं राहून गेलं.

सामान द्यायला-घ्यायला भिंतीत एक भोक पाडलं. किती मोठं? तर पृथ्वीचा गोल अंग चोरून जाईल एवढं. त्याहून बोटभर मोठं करायला दोघांचीही तयारी नव्हती, कारण मोठ्या भोकातून माणूस येऊ शकतो, आणि त्या दोघांना एकमेकांकडचा माणूस नको होता. पहिली घंटा कुणी वाजवायची यावरून कराराच्या सुमारासच त्यांचं बिनसलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. जे काही बोलायचं ते माझ्या तोंडून.

बोर्डाचे थोरले मास्तर आधीच्या जर्मन लढाईत फौजेतून बसऱ्याला जाऊन आलेले. आवाज असा, की त्यांनी पाढे म्हणायला घेतले की विहिरीतले बेडूक पुढचा आकडा सांगायचे. ते मला म्हणायचे, "त्या काळ्या टोपीला सांग, तुजा गोल पोरांनी चेंडू समजून हानला, तर मला बोल लावू नगंस!"

मी भिंतीपलीकडे जाऊन सांगायचो, "थोरले मास्तर म्हणतात, आपला गोल आम्ही डोळ्यांतल्या बाहुलीसारखा जपतो."

इंग्रजी शाळेचे हेडमास्तर वाईचे. शब्द तोलूनमापून, पण तिखट. "त्यांना म्हणावं, आफ्रिकेवर गुळाची बोटं उमटली आहेत. मुलांना आधी हात धुवायला शिकवा, भूगोल मागाहून."

मी परत येऊन सांगायचो, "हेडमास्तर म्हणाले, तुमची पोरं फार गोडीनं शिकतात."

असा तीन वर्षं दोन्ही शाळांचा कारभार माझ्या जिभेवर चालला. जिल्ह्यात आमच्या सहकार्याचं नाव झालं. आणि मी मनातल्या मनात मिशा पिळत बसलो. आपण विणतोय ते जाळं आपल्याच मापाचं आहे, हे मला कळलं नाही.

माझी बायको सांगलीला मुलींच्या शाळेत शिकवायची. संस्थानातली नोकरी सोडून ती आमच्या गावात येणार नव्हती, आणि तिचं बरोबरच होतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आमचा संसार शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ एवढाच. बाकी सगळा पत्रांचा. तिनं खटपट करून सांगलीच्या एका शाळेत माझ्यासाठी जागा बघितली. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. पत्राच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, "या वेळी गोष्ट नको, माणूस हवा."

बोर्डानं मोकळं करायला फक्त एक कागद मागितला होता: 'हरकत नाही' असा. पण मी पडलो अर्धा, म्हणून त्यावर दोघांच्या सह्या.

थोरले मास्तर म्हणाले, "आन् तू गेल्यावर त्या मानसाशी बोलायचं कुनी? मी? न्हाई बाबा. त्येनं आदी सही करू दे."

हेडमास्तर म्हणाले, "आपण गेलात तर संवादच खुंटेल. आधी त्यांची सही आणा."

आठवडाभर मी या सहीकडून त्या सहीकडे फिरलो. चपलांचे तळ झिजले, मग टाचा झिजल्या. आणखी दोन दिवस गेले असते तर गुडघ्यांवर चाललो असतो. शनिवार सकाळ उजाडली तरी कागद कोराच. आणि तेवढ्यात इंग्रजी शाळेच्या दारात टांगा थांबला. सोमवारी यायचे दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, दोन दिवस आधीच हजर!

शाळेची मान्यता त्या तपासणीवर होती, आणि शुक्रवारी दिलेला गोल अजून भिंतीपलीकडेच होता. रस्त्यानं आणावा तर साहेब ओसरीवरच चहा घेत बसलेले. उसना दिलेला गोल त्यांच्या नाकासमोरून कसा आणायचा?

"मागून आणा! आत्ताच्या आत्ता!" हेडमास्तर माझ्या कानात ओरडले. कानात ओरडण्याची कला फक्त त्यांनाच होती.

पलीकडचा वर्ग पटांगणात गेलेला. गोल भोकापासून दीड हातावर टेबलावर. वळसा घालून पलीकडे जायला वेळ कुठला? मी हात घातला. पुरेना. डोकं घातलं, खांदे तिरके करून घातले, पायानं रेटा दिला, आणि गोल बोटाला लागतोय न लागतोय तोच सकाळच्या सात भाकऱ्या भिंतीला भेटल्या. पुढे जाईना, मागे येईना. वरचा अर्धा बोर्डात, खालचा अर्धा इंग्रजीत. करार तंतोतंत पाळला गेला.

माझी बोंब ऐकून थोरले मास्तर आले. "आरं तिच्या! ह्यो काय परकार, गड्या?"

"ओढा," मी म्हणालो.

मागून हेडमास्तरांचा आवाज आला, "त्यांना म्हणावं, ओढू नका, ढकला! साहेब चहा संपवतायत!"

सवयीनं माझं तोंड उघडलं, "हेडमास्तर विनंती करतायत की आपण कृपा करून..."

"गप!" थोरले मास्तर गरजले. "ऐकू आलं मला. इनंती कुटं हाय ह्यात?"

भोकात मी बुचासारखा बसलो होतो, तरी बाजूच्या फटीतून आवाज जात होता. तीन वर्षांत पहिल्यांदाच दोघं थेट बोलले आणि पहिल्या दहा वाक्यांतच चेंडू, गूळ, आफ्रिका सगळं बाहेर आलं. माझ्या तोंडासमोर एक चेहरा होता. दुसरा चेहरा मला दिसत नव्हता, पण पोटऱ्यांना जाणवत होता.

"म्हंजी 'गोडीनं शिकत्यात' हे ह्येनं म्हनलंच न्हाई?" थोरले मास्तर हळू आवाजात म्हणाले. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मला खरोखर वाईट वाटलं.

पण सांगलीची गाडी वाईट वाटण्यासाठी थांबत नाही. माझ्या डोक्यात एक लबाड विचार आला. मी छातीभर श्वास घेतला आणि पोट फुगवलं.

"कागद खिशात आहे," मी म्हणालो. "दोघांच्या सह्या होईपर्यंत मी हलणार नाही. आणि मी हललो नाही तर गोल येणार नाही."

"हा अडवणुकीचा प्रकार आहे!" हेडमास्तर म्हणाले.

"व्हय," थोरले मास्तर म्हणाले, "आन् आवं, लय बेस अडिवलंय." त्यांनी माझ्या खिशातला कागद काढला, माझ्याच पाठीवर ठेवून सही ठोकली आणि फटीतून पलीकडे सारला. पलीकडे टाक कुरकुरला. झालं! तीन वर्षांत दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

मी विजयानं श्वास सोडला.

काही झालं नाही. पुन्हा सोडला. आत होता नव्हता तो सगळा वारा सोडला. पोट तसूभर हललं नाही. मी अडकल्याचं सोंग करत होतो आणि भिंत मात्र सोंग करत नव्हती. थोरले मास्तर ओढत होते, हेडमास्तर ढकलत होते, आणि या झटापटीत माझ्या पाठीमागून एक नवा, शांत आवाज आला.

"हे काय चाललंय?"

साहेबांचा चहा संपला होता.

हेडमास्तरांनी माझे पाय सोडले. मग म्हणाले, "साहेब, हे... आमच्या दोन शाळांचं सहकार्य."

गवंडी बोलावला. दुपारपर्यंत भिंत फोडली. गोल आधी पलीकडे नेला, मला नंतर बाहेर काढलं. साहेबांनी तेवढ्या वेळात दोन्ही शाळा बघितल्या, दोघांकडून सगळी हकिगत काढून घेतली, आणि दोन्ही शेरेबुकांत एकच शेरा लिहिला: दोन शाळांनी साधनं वाटून घेण्याची पद्धत स्तुत्य आहे, भिंतीत रुंद दार करावं, आणि हे सहकार्य ज्यांच्यामुळे टिकलं, त्या शिक्षकांना पुढील हुकूम होईपर्यंत येथून हलवू नये.

माझ्या हातात दोन सह्यांचा कागद होता, घामानं भिजलेला. साहेबांचा शेरा ओलांडण्याची ताकद त्या दोन्ही सह्या मिळूनही नव्हती. थोरले मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, "पोरा, मी सही मनापासनं केल्ती रं." मला ते कुणी गोड करून सांगायची गरज पडली नाही.

एवढं होईपर्यंत सांगलीची गाडी गेली. शिट्टी दोन कोसांवरून ऐकू आली, किंवा आली असं मला वाटलं.

संध्याकाळी बायकोला पत्र लिहायला बसलो. आधी सवयीप्रमाणे लिहिलं, 'काही अपरिहार्य कारणास्तव'. तो कागद फाडला. दुसऱ्यावर सरळ लिहिलं: मी भिंतीत अडकलो, पोटापासून, म्हणून आलो नाही, आणि आता येता येणार नाही.

चार दिवसांनी तिचं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: "निदान मला तरी खरं सांगायचं होतंत."

ते कार्ड खिशात घालून मी दुपारच्या कवायतीला निघालो. नवं दार एवढं रुंद होतं की त्यातून भरली बैलगाडी गेली असती. मी तिरका होऊनच गेलो.