गोठा बघायला मुंबईला

माझ्या धाकट्या भावाला मुलीसाठी स्थळ बघायला नेलं की तो घर बघतच नाही. फरशी कसली, टीव्ही केवढा, मुलाला पगार किती, ह्यात त्याला काही गोडी नाही. चहा यायच्या आत तो उठतो, "जरा मागे जाऊन येतो" म्हणतो आणि थेट गोठ्यात शिरतो. गाईच्या पाठीवरून हात फिरवतो, डोळ्यांत बघतो, खूर उचलून बघतो, दावं किती लांब सोडलंय ते बघतो. परत येऊन बसला की त्याच्या तोंडावरूनच मला कळतं, होकार की नकार.

ही खोड त्याची एकट्याची नाही, आमच्या बाबांची. माझं लग्न त्यांनी असंच ठरवलं. इथे जवळच आशागडला माझ्या सासरी गेले, तर आमच्या ह्यांचा आवाज ऐकून बैलाने रवंथ थांबवला आणि मान वळवून बघत राहिला. बस, तेवढ्यावर मला दिली. आणि खोटं कशाला बोलू, माझा संसार चांगला झाला. त्यामुळे भावाला शिकवायला मला तोंड नाही.

पण आता तो काळ राहिलाय का, तुम्हीच सांगा. माझ्या माहेरी, सरावलीत बघा, चिकूच्या वाड्या आहेत, दारात गाड्या आहेत, गोठे कुठे उरलेत? भाचीची चांगली चांगली स्थळं ह्याच पायी गेली. एका घरी म्हैस आखूड बांधली होती, नको. एका बंगल्यात गाईच्या बरगड्या दिसत होत्या, नको. एकांच्या गोठ्यात तर मोटारसायकली लावलेल्या, तिथे हा गृहस्थ पाणीसुद्धा प्यायला नाही. भाची डहाणूला दवाखान्यात नर्स आहे. भल्याभल्यांना सुई टोचून गप्प बसवते, पण बापापुढे तिचं चालत नाही. मला म्हणायची, "आत्या, सांग ना गं बाबांना. मला नांदायचंय, धारा काढायच्या नाहीयेत."

मग तलासरीचं स्थळ आलं. आई-वडील तलासरीत, मुलगा मुंबईच्या प्राण्यांच्या बागेत कामाला. प्राणीपाल म्हणतात त्याला, म्हणजे जनावरं सांभाळणारा. राहायची खोलीही बागेच्या मागच्या अंगालाच. तो आमच्याकडे आला तेव्हा दोघं वाडीत बोलायला म्हणून गेली ती येतच ना. चहा दोनदा गरम केला. शेवटी आली तेव्हा भाचीच्या केसांत चिकूचं पान अडकलेलं आणि तोंडावरचं हसू काही मावेना. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली, पदराशी खेळत म्हणाली, "आत्या, हा तरी बाबांनी घालवू नये."

म्हणजे झालं! आता जबाबदारी माझी.

तलासरीला घर बघायला गेलो. भाऊ नेहमीप्रमाणे मागे गेला आणि लगेच परत आला. गोठा झाडून स्वच्छ, आत नारळाच्या झावळ्या रचलेल्या, जनावर एकही नाही. मुलाची आई म्हणाली, गुडघे दुखतात, झेपेना म्हणून विकली. भाऊ म्हणाला, "गोठा रिकामा. मग मी बघू काय?"

बाई तिखट. चहाचा कप त्याच्यापुढे ठेवत म्हणाली, "गोठाच बघायचाय ना भाऊ? मग मुंबईला जा. माझ्या पोराची जनावरं तिथं आहेत. शेपटीपासून दातापर्यंत बघून घ्या. दात तेवढे लांबून बघा म्हणजे झालं."

सगळे हसले. माझा भाऊ नाही हसला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "बाय, ती बाई बरोबर बोलली. जायचं आपण." मी मोठी, म्हणून मला तो बाय म्हणतो.

तर अशी आमची वरात मुंबईला निघाली. शेजाऱ्यांची गाडी ठरवली. भाऊ, भावजय, भाची आणि मी. भावाने कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, आणि मांडीवर काय, तर वाडीतल्या हिरव्या गवताची पेंडी! लोकाच्या गोठ्यात रिकाम्या हाताने जायचं नसतं, हे बाबांचं शिकवणं. भावजय माझ्या कानाशी लागली, "वन्सं, त्या बागेत वाघ असतो म्हणे. तो गवत खाईल का?"

"तू गप्प बस," भाऊ पुढून म्हणाला. त्याला नको ते बरोबर ऐकू येतं.

फाटकावरच्या रखवालदाराने पेंडी बघितली आणि हात आडवा केला. "काका, जनावरांना बाहेरचं खायला देता येत नाही."

"वाडीतलं आहे. सकाळी कापलंय."

"असू दे. नियम आहे."

"मी पाव्हणा आहे इथला," भाऊ म्हणाला. "स्थळ बघायला आलोय."

रखवालदाराने एकदा भावाकडे, एकदा आतल्या माकडांच्या पाटीकडे बघितलं. तेवढ्यात मुलगा धावत आला, बिचाऱ्याच्या अंगावर खाकी कपडे, पायात गमबूट. आम्हाला वाटलं, हा आता पेंडी आत घेऊन देईल. होणारा सासरा आहे, मन तरी राखेल. तर तो हात जोडून म्हणाला, "काका, गवत इथंच ठेवावं लागेल. त्याच्यावर काय बसलंय, कसला किडा आहे, मला माहीत नाही. माझ्या जनावराला मी नाही देऊ शकत."

"माझ्या वाडीतल्या गवताला किडा?"

"असेल असं नाही म्हणत. पण नाही देणार."

भाचीने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. भावाने पेंडी रखवालदाराच्या खुर्चीला टेकवून ठेवली आणि आत चालायला लागला.

बाग मात्र काय सुंदर हो! मी शाळेत असताना एकदा आले होते. तेव्हा नुसते गज आणि गजांमागे येरझाऱ्या घालणारं अस्वल. हत्तीवर बसवायचे, मी भीतीने डोळे मिटून घेतलेले, त्यामुळे हत्तीवरून काय दिसतं ते मला आजपर्यंत माहीत नाही. आता मोठमोठ्या काचा, आत झाडी, पाण्याची तळी. मुलगा चालता चालता सांगत होता, की इंग्रजांच्या काळात ही आधी झाडांची बाग होती, जनावरं नंतर आली. म्हणून इतकी जुनी झाडं. एका गोरखचिंचेचा बुंधा तर आमच्या स्वयंपाकघराएवढा. भावाने त्या झाडाला हात लावून बघितला तेव्हा मला जरा बरं वाटलं. झाडाला हात लावतो म्हणजे राग उतरतोय.

पेंग्विन बघायला केवढी गर्दी. भावजय म्हणाली, "हे तर आपल्या सोसायटीच्या चेअरमनसारखे चालतात." वाघ सावलीत झोपलेला, नुसता कान दिसत होता. भाऊ कुठेच थांबेना. "तुझी जनावरं कोणती ते दाखव," एवढंच मुलाला म्हणाला.

मुलाकडे होते पाणघोडे. मोठं तळं, भोवती कठडा, कठड्याला माणसं लागलेली. पाण्यात दोन नाकपुड्या आणि दोन कान. मुलाने एका बाजूला नेलं, तिथे पाणघोडी पाण्याबाहेर आली होती, कठड्याला अगदी लागून. केवढी ती! चकचकीत, गोलमटोल, जशी काही तेल लावून ठेवलेली.

भाऊ बघतच राहिला. मग म्हणाला, "बिनशिंगाची म्हैस आहे ही." आणि लागला की आपल्या कामाला. डोळे बघितले. कातडी बघितली, कुठे जखम आहे का. वाकून पाय बघितले. "दात बघतोस?"

"रोज. मी हाक मारली की तोंड उघडते. दाखवतो थांबा." मुलाने कसलीशी लाडाची हाक मारली. पाणघोडीने कान हलवला. पुन्हा हाक मारली. आजूबाजूची माणसं मोबाइल काढून तयार. पाणघोडीने सावकाश पाठ फिरवली आणि मागची बाजू आमच्याकडे केली.

"काका, मागे व्हा!" मुलगा ओरडला.

माझा भाऊ कधी कुणाचं ऐकून मागे झालाय? पाणघोडीची ती आखूड शेपटी पंख्यासारखी फिरायला लागली, आणि काय सांगू तुम्हाला, शेणाचा असा काही सडा उडाला की इस्त्रीचा शर्ट, चष्मा, मिशी, काही म्हणून सुटलं नाही. शाळेची सहल आली होती, ती पोरं तर आनंदाने नाचायला लागली. भावजयीने तोंडात पदर कोंबला. भाचीने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. मला वाटलं, संपलं. हे स्थळही गेलं.

भावाने चष्मा काढला. शर्टावरचं थोडं बोटांत घेतलं, चोळून बघितलं, नाकाशी नेलं.

"काय घालतोस हिला?"

"हिरवा चारा, सुका चारा, थोडी भाजी," मुलगा घाबरत म्हणाला.

"पचन चांगलं आहे. वैरण नीट रवाळ झालीय." मग त्याने मुलाकडे बघितलं. "तुझं ऐकत का नाही ही?"

"रोज ऐकते. आज नाही ऐकलं. पोटुशी आहे काका, तिची मर्जी असेल तेव्हाच. मी जबरदस्ती नाही करत तिच्यावर."

भावाने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पाणघोडीकडे बघत राहिला. मी त्याला लहानपणापासून ओळखते. मी भाचीच्या तोंडावरचे हात खाली ओढले आणि म्हटलं, "बघ जरा बापाकडे."

मुलाने त्याला खोलीवर नेऊन अंघोळ घातली, स्वतःचा धुतलेला खाकी शर्ट दिला. त्या शर्टात भाऊ बागेत फिरला तर लोक त्याला अडवून विचारायला लागले, "काका, वाघ कुठे?" पहिल्यांदा म्हणाला माहीत नाही. मग सांगायलाच लागला, "सरळ जा, डावीकडे. झोपलाय, कान दिसेल." त्याला मजा यायला लागली होती.

खोलीत चहा घेताना त्याने एकदम मुलाला विचारलं, "रजा किती मिळेल तुला लग्नाला?"

भाचीने बशी खाली ठेवली. मुलगा लाजला, आणि लाजत लाजतच म्हणाला, "मिळेल काका. पण पाणघोडीचं बाळंतपण झाल्यावर. तोपर्यंत मला हलता नाही येणार."

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, माझ्या मुलीपेक्षा तुला पाणघोडी मोठी? माझा भाऊ म्हणाला, "ते बरोबर आहे. मोकळी होऊ दे तिला. घाई नाही." आणि बाबांसारखा मांडीवर थाप मारून उठला.

मग काय, सरावलीला रोज हाच प्रकार. चौकात कुणी विचारलं, "काय, मुलीचं लग्न कधी?" की हा गंभीरपणे सांगायचा, "पाणघोडी मोकळी झाली की." लोक माझ्याकडे यायचे, भाऊ बरा आहे ना म्हणून चौकशी करायला. भाची दवाखान्यात दहा जणींना तेच सांगायची आणि हसून हसून पोट धरायची. रात्री फोनवर दोघांचं लग्नाचं बोलणं कमी, पाणघोडीच्या पोटाचंच जास्त.

परवा सकाळी मी भावाकडे भाजी निवडत बसले होते. भाचीचा फोन वाजला. तिने ऐकलं, ओरडलीच, आणि फोन तसाच बापाच्या कानाला लावला.

"झालं?" भाऊ म्हणाला. "काय झालं? बरं बरं. उभं राहिलं का? अरे हो, पाण्यात नाही का! पोहलं का मग?"

पलीकडून मुलाचा आवाज मलाही ऐकू आला, "पोहलं बाबा! आईच्या मागे मागे फिरतंय!"

काका नाही म्हणाला, बाबा म्हणाला. भावाने फोन भाचीच्या हातात दिला, खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली आणि अंगणातूनच ओरडला, "अगं, दूध बघ उतू जाईल, मी मांडववाल्याकडे जाऊन येतो!"