जिवंत की सगळ्या?

चूक माझीच होती, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर आबाबद्दल चार चांगले शब्द लिहून मी पुन्हा एकदा साळसूदपणे सुटेन.

आबा म्हणजे शहाद्यातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतला सर्वांत जुना प्रोग्रामर. वय माझ्याइतकंच, पण बोलणं इतकं सावकाश, की पंचविशीतच त्याचा आबा झाला होता. मुलाखतीला कुणी आलं की तो उमेदवाराला स्वतःच्या खुर्चीत बसवायचा, आपण प्लॅस्टिकचं स्टूल ओढायचा आणि आमचाच एखादा बिघडलेला प्रोग्राम उघडून अहिराणीत म्हणायचा, "हाऊ काबर रुसी बठना, माले बी समजी नही ऱ्हायनं. दोन्ही मिळीसन देखूत."

त्याचं म्हणणं, ज्याचं उत्तर आपल्या खिशात आहे असा प्रश्न विचारला की फक्त आपणच हुशार दिसतो. मी त्याचा साहेब; माझे प्रश्न इंटरनेटवरून उत्तरांसकट उतरवलेले असत. हा टोमणा मला आहे का, असा संशय यायचा. मलाच होता.

त्याचा दुसरा प्रश्न ठरलेला: "शेवटलं काय बिघाडं?" पण विचारण्याआधी तो आपलं सांगायचा. त्याच्या हातून एकदा डेअरीच्या सगळ्या सभासदांचे दुधाचे मेसेज प्रकाशा गावातल्या एकाच म्हातारबाबांना गेले. गावभरचं दूध आपल्या नावावर पाहून बाबा दारातल्या एकुलत्या एक म्हशीकडे आदराने बघू लागले. हे ऐकून उमेदवार हसायचा, सैल व्हायचा आणि आपलं पाप सांगायचा. एकजण मात्र ताठ बसून म्हणाला, "सर, मी आजवर काहीच बिघडवलं नाही."

आबा हळहळला. "मंग तुले आजवर कोणी कामच दिन्हं नही, भो."

मला हे सगळं गावठी वाटायचं. अहिराणीत काय मुलाखत घ्यायची! नवापूरच्या एका पोल्ट्रीवाल्या शेठचं काम मिळालं, तेव्हा मी बजावलं, "आबा, या वेळी प्रश्न मी विचारणार." मोठ्या कंपन्या उमेदवाराला अवघड अंदाज करायला लावतात, असं वाचलं होतं. म्हणून मी विचारलं, "नवापूर तालुक्यात कोंबड्या किती असतील?"

समोर नवापूरचीच एक मुलगी होती. ती म्हणाली, "सर, जिवंत की सगळ्या?"

आबा इतका खूश झाला, की तिला चहाला घेऊन गेला. मला तो उद्धटपणा वाटला. पुढच्या मुलाने फळ्यावर भराभर गुणाकार केले, आकडा काढला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. त्या रेघांवर मी भाळलो. मुलगा कामाला लागला.

"सायेब," आबा म्हणाला, "कोंबड्या मरतस, हाई त्या पोरीले ठाऊक शे." मी लक्ष दिलं नाही.

मुलाचा प्रोग्राम सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत शेठ ऑफिसात येऊन गरजले, "तुमना प्रोग्राम मेल्या कोंबडीसले बी दाना घाली ऱ्हायना!" रोजचा दाणा ठरवताना मेलेले पक्षी वजा करायचे असतात, हे मुलाला सुचलं नव्हतं. तपासताना मलाही नाही. सगळे काम सोडून माझ्याकडे बघत होते. मी आबाकडे बोट केलं. "शेठ, आमच्याकडे माणसं हे निवडतात."

आबाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग शेठना पाणी दिलं, त्या मुलाशेजारी स्टूल ओढलं आणि दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत प्रोग्राममध्ये कोंबड्या मारून दाखवल्या. महिनाअखेर त्याने राजीनामा दिला आणि कळसाडीला घरी बसून सुरतेच्या एका कंपनीचं काम करू लागला. माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं.

त्याच्या जागी माणूस हवा होता. मी त्या मुलीलाच पुन्हा बोलावलं, खुर्चीत बसवलं, स्टूल ओढलं. वाटलं, आबाचे प्रश्न विचारले की थोडं प्रायश्चित्त होईल, तेही बसल्या जागी. विचारलं, "शेवटचं काय बिघडवलं?"

"आधी तुम्ही सांगा ना, सर," ती म्हणाली. "त्या सरांनी चहा पिताना आधी स्वतःचं सांगितलं होतं. म्हशीचं."

मी "उद्या सांगतो," म्हणालो आणि मोटरसायकल काढून थेट कळसाडी गाठली.

आबा ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. मला पाहून चष्मा कपाळावर चढवला. "काय सायेब, मुलाखत देवाले ऊनात का?"

"हो, द्यायलाच आलोय. विचार."

त्याने लॅपटॉप मिटला, सरकून मला जागा केली आणि नेहमीसारखं सावकाश विचारलं, "शेवटलं काय बिघाडं?"

इतक्या वर्षांत ऑफिसात मी त्याच्याशी एकदाही घरच्या बोलीत बोललो नव्हतो.

"तुन्हं नाव," मी म्हणालो. "सगळासना समोर. पोऱ्या मी निवडेल व्हता, चूक मन्ही व्हती. माफ कर, आबा."