घासलेलं सॅम्पल

मोहन्याला राहणारे यशवंतकाका पावशे, यांचं नाव मी सगळ्यात आधी लिहिते. ते त्या दुपारी आमच्या दुकानात आले नसते, तर मी मंगलताईंच्या हातात ब्रेक पॅडचा बॉक्स ठेवला असता, बिल फाडलं असतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले असते.

बॉक्स काउंटरवर काढूनसुद्धा झाला होता. मंगलताई घाईत होत्या. गाडी गॅरेजमध्ये जॅकवर उभी, आणि डोंगरावरची माणसं पाण्यासाठी फोनवर फोन करत होती.

मी कळव्याला गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला असते. मूळची किनवटकडची. नववीत शाळा सुटली आणि मामेबहिणीच्या ओळखीने इथे आले. आधी बॉक्सवरची धूळ पुसायचे. पुसता पुसता नंबर पाठ झाले, तेव्हा शेठनी काउंटरला उभं केलं. त्यांचे उपकार आहेतच. पण भीती काही गेली नाही. एखादा पार्ट चुकीचा गेला की मला आधी गाडी दिसत नाही, गावाकडची एसटी दिसते. परत जावं लागेल असं वाटतं.

ब्रेक पॅड म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. सायकलच्या ब्रेकला रबर असतं, ते रिमला घासतं आणि सायकल थांबते. चारचाकीत चाकाबरोबर एक लोखंडी थाळी फिरते, तिला डिस्क म्हणतात. तिला दोन्ही बाजूंनी दाबतो तो पॅड. पॅडच्या मागे जाड पत्रा असतो आणि पत्र्याच्या दोन टोकांना कान असतात. ते कान खाचेत घट्ट बसले की पॅड जागचा हलत नाही. एका बॉक्समध्ये चार पॅड येतात, पुढच्या दोन चाकांचे.

नवीन गाडीचं सोपं असतं. मॉडेल आणि साल सांगा, नंबर निघतो. जुन्या गाडीत मधल्या काळात कोणी काय बदललंय ते आरसी बुकात लिहिलेलं नसतं. म्हणून आमच्याकडे एकच रीत, सॅम्पल आणा. निघालेला जुना पार्ट काउंटरवर ठेवायचा, नवा त्याला लावून बघायचा, जुळला की द्यायचा. मेकॅनिक भांडायला आला तरी सॅम्पल दाखवलं की गप्प होतो.

मंगलताईंची व्हॅन अशीच जुनी, ते मॉडेल कंपनीने कधीच बंद केलेलं. आधी त्यांचा नवरा चालवायचा. अपघातात त्याची कंबर गेली, तेव्हापासून ताई स्वतः चालवायच्या. पारसिकच्या डोंगरावर ज्या गल्ल्यांत नळाचं पाणी नीट चढत नाही, तिथे त्या पाण्याचे जार पोचवायच्या. भरलेली गाडी आधी वर न्यायची आणि उतरता उतरता जार द्यायचे. तिथे घरांचे दरवाजे थेट उतारावर उघडतात. सगळं घर त्या गाडीवर चालत होतं.

सॅम्पल प्लास्टिकच्या पिशवीत होतं. आरसी बुकाप्रमाणे काढलेला नवा पॅड मी त्याला लावून बघितला. आकार तोच, फक्त नव्याचे कान थोडे लांब. मी शेठना दाखवलं. ते म्हणाले, एवढं उन्नीस-बीस असतंच, गॅरेजवाले घासून बसवतील, दे. मी बिलबुक ओढलं.

यशवंतकाका तेव्हा काउंटरच्या बाहेर ऑइल फिल्टर घ्यायला उभे होते. ते मोहन्याच्या कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद झाल्यावर उतारवयात गाड्यांचं काम शिकले. त्यांनी सॅम्पल उचललं, उजेडात धरलं आणि विचारलं, कोणाच्या गॅरेजचं?

"उमेशच्या," मंगलताई म्हणाल्या. "तुमच्याच तं."

काकांनी सॅम्पल उलटंपालटं करून बघितलं. ते उमेशकडेच कामाला होते. या गाडीचं मागचं काम झालं तेव्हा ते आजारी होते, घरी होते.

मग त्यांनी सॅम्पल माझ्यासमोर धरलं. पत्रा सगळा गंजलेला, पण कानांची कड मात्र सुरीने कापल्यासारखी सरळ. "हा कंपनीतून असा आलेला नाही. ग्राइंडर मारलाय. आणि ही कड बघ. एवढी पट्टी घासलेलीच नाही. म्हणजे आतली डिस्क पॅडपेक्षा लहान आहे. पॅड तिच्या बाहेर लोंबत होता."

शेठ वैतागले. "काका, काम तुमच्या गॅरेजचं. तिकडे बोला ना. इथे कशाला शाळा भरवताय?"

काका माझ्याकडे वळले. "बिल फाडू नको पोरी. बॉक्स घे आणि चल पाच मिनिटं. तू देतेस तो पार्ट कुठे जातो, कधी बघितलंयस?"

नव्हतं बघितलं. इतके बॉक्स दिले, पण उघडलेलं चाक कधी पाहिलं नव्हतं. शेठ हाक मारत होते आणि मी काउंटरची फळी उचलून बाहेर आलेले. माझी मीच घाबरले.

व्हॅनची पुढची दोन्ही चाकं काढलेली होती. काकांनी डाव्या बाजूला आमचा नवा पॅड लावला. तो असा बसला की हाताने हलेना. उजव्या बाजूला तोच पॅड खाचेत शिरेना. काकांनी फ्लॅनेलच्या कपड्यातून आपला कारखान्यातला व्हर्नियर काढला आणि दोन्ही डिस्क मोजल्या. मोजायची गरज नव्हती, उजवी लहान आहे हे मलासुद्धा दिसत होतं.

"दोन पाय दोन माणसांचे आहेत," काका म्हणाले.

मग उलगडलं. नवऱ्याच्या त्या अपघातात गाडीची उजवी बाजू गेली होती. उमेशने भंगारातून दुसऱ्याच गाडीची असेंब्ली, म्हणजे चाकामागचा सगळा सांगाडा, आणून बसवली. तिला पॅड जुळेना म्हणून कान घासले. घासलेले कान खाचेत सैल राहिले. माझ्या काउंटरवर आलेलं सॅम्पल याच बाजूचं होतं.

उमेश काही वाईट माणूस नाही. त्याने गल्लीतल्या अर्ध्या गाड्या अशाच चालत्या ठेवल्यात. तो म्हणाला, चालली ना इतके दिवस? ताई, मी घासून बसवतो, संध्याकाळी गाडी न्या.

मंगलताई हळूच म्हणाल्या, "ब्रेक मारला का डावीकडं वढते. मना वाटलं, गाडी म्हातारी झाली." मग काकांना विचारलं, "बरोबर पॅड कंचा, तेवढं सांगा. तो घेते."

"या गाडीला बरोबर पॅड नाही," काका म्हणाले. "दोन बाजूंना दोन जातीचे घातले तरी ओढणारच. उजवी बाजू पुरती बदलायला हवी. नवीन मिळत नाही. भंगारात याच मॉडेलची मिळाली तर बघायचं. तोवर डोंगरावर नेऊ नकोस. भरलेली गाडी उतरताना सैल पॅड निसटला, तर पेडल खाली जाईल आणि गाडी थांबणार नाही."

मग मंगलताई माझ्याकडे वळल्या. बॉक्स माझ्याच हातात होता.

"तू दे ग तो. हा बसवील घासून."

"नाही देत, ताई."

आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. बॉक्स मी पोटाशी धरलेला.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुज्या नळाला पाणी येतं ना? मंग तुला काय."

मी बॉक्स तसाच धरून दुकानाकडे चालू लागले.

दुकानात शेठनी मला फाडून खाल्लं. काउंटर सोडलं, गिऱ्हाईक घालवलं, उद्यापासून येऊ नको. काका माझ्या मागोमाग आलेले. ते एवढंच म्हणाले, "तिला मी नेलं. बोलायचं ते मला बोला." शेठ बोलले, काका ऐकत उभे राहिले. माझी नोकरी राहिली.

त्यांची गेली. उमेशने त्याच संध्याकाळी सांगितलं, गिऱ्हाइकासमोर माझं काम उघडं पाडणारा माणूस मला नको. त्या रांगेतल्या बाकीच्या गॅरेजवाल्यांनीही त्यांना घेतलं नाही. तो गिऱ्हाइकाला सगळं सांगतो, म्हणतात. आता काका मोहन्याला दारातच स्कूटर दुरुस्त करतात. आल्या तर.

मंगलताई बरेच दिवस भंगारवाल्यांकडे फिरल्या. असेंब्ली मिळाली नाही. शेवटी व्हॅनच भंगारात गेली. जिथून त्या जार भरून घ्यायच्या, त्याच प्लांटमध्ये आता जार धुतात. रस्त्यात दिसल्या तर मान फिरवतात. मी काही म्हणत नाही. गाडी घसरली नाही, कोणाच्या दारात घुसली नाही. पण न झालेला अपघात कोणाला दाखवता येत नाही. त्याचं सॅम्पल नसतं.

आता जुनी गाडी आली की मी दोन्ही चाकांची सॅम्पलं मागते आणि कानांवरून बोट फिरवते. शेठ मला डॉक्टरीणबाई म्हणतात. म्हणू देत. गाडीत काय होतं एवढंच सॅम्पल सांगतं, काय असायला हवं होतं ते सांगत नाही. एवढं मी शिकले आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी भरली.

काउंटरला कोणी चांगला मेकॅनिक विचारला की मी यशवंतकाकांचा नंबर देते. मोहने लांब पडतं म्हणतात लोक. आमच्याकडे मेकॅनिक कायम फळीच्या बाहेर उभे असतात, उन्हात, वाहनांच्या धुरात, कितीही वेळ लागो. आत एकच स्टूल आहे, शेठचं. माझं स्वतःचं दुकान होईल, एका शटरचं का होईना, तेव्हा पहिलं स्टूल मी काकांसाठी घेईन. ते फळीच्या आत बसतील आणि आलेलं प्रत्येक सॅम्पल आधी त्यांच्या हातात जाईल. एवढं त्यांचं देणं आहे माझ्याकडे. ते मी फेडीन.