बोगद्यातली नेमताई

माझ्या थोरल्या बहिणीला कारखान्यात सगळे नेमताई म्हणतात. नाव कौतुकाचं आहे, पण ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्या नेमानेच तिचा घात केलाय.

आमच्या कारखान्यात हवेच्या बंदुकीचे छर्रे बनतात. मी वर पॅकिंगला असते आणि ताई खाली, बोगद्यात. बोगदा म्हणजे तळघरातली लांबलचक, अरुंद खोली. एका टोकाला टेबल, दुसऱ्या टोकाला कागदी निशाण, मध्ये ट्यूबलाइट. खिडकी औषधालाही नाही. दार बंद असल्याशिवाय बंदूक उडवायची नाही असा नियम आहे, त्यामुळे दार दिवसभर बंदच. छर्ऱ्यांची प्रत्येक नवी खेप तिथे उडवून बघायची. पाच छर्ऱ्यांची भोकं एका कोटाच्या बटणाखाली झाकली गेली की खेप पास.

आधी तीही पॅकिंगलाच होती. खालचा जुना तपासनीस काम सोडून गेला आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्यांनी गंमत म्हणून नेम धरून पाहिला. कुणाचे छर्रे भिंतीला, कुणाचे छताला. ताईचे पाचही बटणाखाली. टाळ्या पडल्या, साहेबांनी शाबासकी दिली आणि दुसऱ्याच दिवशी तिला खाली धाडलं, ते आजतागायत. हौसेने बंदूक हातात घेतली आणि बाई कायमची अडकली.

वर असताना तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालायचा. आता जेवायला वर येते तेव्हा दाराकडे तोंड करून बसते आणि गप्प जेवते. घरी गेल्या गेल्या सगळ्या खिडक्या सताड उघडते. थंडीच्या दिवसांत भावजी स्वेटर आणि कानटोपी घालून जेवायला बसतात आणि मला सांगतात, "तुझ्या बहिणीशी लग्न केलं आणि संसार उघड्यावर आला बघ." आम्ही हसतो. पण एकदा ती मला म्हणाली होती, "दार लागलं ना, की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं गं. रोज वाटतं, आज सवय होईल." सवय काही झाली नाही. नोकरी सोडावी म्हटलं तर तिच्याजोगं दुसरं काम आमच्या भागात मिळणं मुश्कील.

अशात साहेबांनी शिसं बंद करायचं ठरवलं. शिशाची धूळ अंगाला वाईट, गिऱ्हाइकंही कुरकुर करू लागली होती. शिशाच्या जागी कथलाचे छर्रे आले. ते तीन तऱ्हेच्या बंदुकांत उडवून बघायचे होते: गॅसच्या नळकांडीवर चालणारं पिस्तूल, हवेची टाकी असलेली बंदूक आणि जुनी स्प्रिंगची बंदूक. पहिल्या दोन टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात आवळून ठेवल्या की झालं, घोडा कुणीही ओढावा. स्प्रिंगच्या बंदुकीचं तसं नाही. तिच्या पोटातली स्प्रिंग सुटली की ती मागेपुढे उसळते. करकचून धरली तर छर्रे वाट्टेल तिकडे जातात. तिला तळव्यावर नुसतं टेकू द्यायचं आणि उसळेल तशी उसळू द्यायचं. शिकंज्याला एवढी समज नसते, म्हणून तिथे ताई लागते.

साहेबांनी तिला सरळच सांगितलं, "हे छर्रे स्प्रिंगच्या बंदुकीत चालले नाहीत, तर त्या बंदुकीचं गिऱ्हाईक आपण सोडून देऊ. मग सगळं शिकंज्यावर होईल. तुम्ही वर या. पॅकिंगची सुपरवायझर निवृत्त होतेच आहे."

सुपरवायझरचं टेबल माझ्या शेजारी आहे. मी तर मनातल्या मनात तिला तिथे बसवूनही टाकलं.

पहिल्या दिवशी पिस्तूल पास, टाकीची बंदूक पास आणि स्प्रिंगची साफ नापास. कथील शिशापेक्षा हलकं, ते त्या धक्क्याने भरकटत होतं. पाच भोकं पाच दिशांना. त्या दुपारी ताई वर आली ती बडबडतच. माझ्या डब्यातलं हक्काने उचलून खाल्लं, दोघी-तिघींच्या फिरक्या घेतल्या. मला माझी जुनी ताई परत मिळाली.

दोन दिवसांनी मात्र ती हळूच म्हणाली, "ते का भरकटतात, मला कळलंय."

"का?"

"डावा हात जरा पुढे सरकवला आणि बोटं मोकळी सोडली, की येतात. सगळे एका जागी येतात."

मी डबा बाजूला सारला. "कुणाला दाखवलंस?"

"नाही."

"मग दाखवूही नकोस. साहेबांपुढे घट्ट आवळून धर आणि सूट तिथून."

"तेच करणार आहे," ती म्हणाली. "मला काय वेड लागलंय?"

शेवटची चाचणी साहेबांसमोर होती. छर्ऱ्यांचे डबे पोचवायच्या निमित्ताने मीही खाली गेले. दार लागलं आणि थोड्याच वेळात मला घाम फुटला. ताईने बंदूक खांद्याला लावली. तिने ती इतकी आवळली होती की बोटांची पेरं पांढरी पडली. पहिला छर्रा निशाणाच्या पार कडेला गेला. साहेबांचं तोंड उतरलं. मी मनात म्हटलं, सुटलीस गं बाई.

तिने दुसरा छर्रा भरला. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचा डावा हात पुढे सरकला. बोटं उघडली. छर्रा बरोबर मधोमध गेला. मग त्याच भोकाला लागून तिसरा, चौथा, पाचवा. साहेब उठून उभेच राहिले. "पहिला सोडा! नवीन कागद लावा!" नव्या कागदावर पाचच्या पाच बटणाखाली. साहेबांनी स्वतः बटण ठेवून पाहिलं आणि लहान पोरासारखे नाचायचेच बाकी राहिले.

जिन्यात मी तिला गाठलं. "हे काय करून बसलीस?"

"मी आवळूनच धरली होती गं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण तो पहिला इतका लांब गेला ना, तो मला बघवेना."

सुपरवायझरच्या टेबलावर दुसरीच कुणी बसली. साहेब मात्र ताईवर बेहद्द खूश. "असा हात मशीनला कुठून आणायचा? तुम्ही आता इथेच. मग जरा आरामात बसा की," असं म्हणून त्यांनी तिच्यासाठी मोठी गुबगुबीत खुर्ची मागवली. ती बोगद्याच्या दारातून आत जाईना. शेवटी सुताराला बोलावलं. त्याने चौकट काढली, खुर्ची आत ढकलली आणि चौकट पुन्हा पक्की ठोकून दिली.

ताई खुर्चीत बसली, मागे रेलून पाहिलं. मग सुताराला म्हणाली, "आणि पुढे बाहेर काढायची झाली तर?"

"बाहेर कशाला काढायची, ताई?" सुतार हत्यारं गोळा करत म्हणाला. "चांगली मजबूत आहे. तुम्ही निवृत्त होईपर्यंत हलायची नाही."

ताई हसली, अगदी मोकळं हसली. मी तडक वर गेले आणि छर्ऱ्यांच्या खोक्यांमागे उभी राहून रडले.